परळच्या बेटावरील शेत

मुंबई ज्या सात बेटांची मिळून झाली, त्यांपैकी परळचे बेट हे स्वभावतः कुणब्याचे आणि आगऱ्याचे बेट होते. कुलाब्याला कोळ्यांच्या होड्या, माझगावाला बंदर आणि वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याची कीर्ती, माहीमला नारळीची दाट झाडी, अशी प्रत्येक बेटाची काही ना काही ओळख सांगता येते. परळाची ओळख भाताची होती. शीव, माटुंगा, वडाळा, शिवडी ही गावे या एकाच बेटाच्या पाठीवर वसलेली होती, आणि त्याच्या पश्चिमेच्या उतारावर, जिथे आज लोअर परळचे स्टेशन, गिरण्यांच्या उरल्यासुरल्या चिमण्या आणि त्यांच्या शेजारी उभे राहिलेले काचेचे मनोरे दिसतात, तिथे जमीन हळूहळू खाली उतरत जाऊन भरतीच्या पाण्याला मिळत असे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून आत शिरणारा समुद्र या सखल भागावर दिवसातून दोनदा पसरे व दोनदा ओसरे. अशा जमिनीवर कोणी शेती करील, हे आजच्या वाचकाला खरे वाटणार नाही. पण कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण खाडीकाठची शेती अशीच समुद्राशी भांडून आणि पुष्कळदा त्याच्याशी तडजोड करून होत आली आहे.

या शेतीची रीत मोठी मनोज्ञ आहे. प्रथम चिखलमातीचा बांध घालून भरतीला अडवावयाचे, बांधात उघाडी ठेवावयाची, म्हणजे ओहोटीच्या वेळी आतले पाणी बाहेर पडावे आणि भरतीचे आत येऊ नये. मग मृगाच्या सरींची वाट पाहावयाची. उन्हाळ्यात ही जमीन पांढरी पडते, मीठ वर येऊन तिला तडे जातात, आणि पहिल्या पावसाचे पाणी शेतात तुंबवून व उघाडीतून बाहेर काढून ते मीठ धुऊन टाकल्याखेरीज तिच्यात दाणा रुजत नाही. इथे तरवा उपटून लावण्याची सवड बहुधा नसते, म्हणून बी भिजवून, मोड आणून, चिखलावर फेकतात. या पद्धतीला रहू म्हणतात. पीक तांबूस तांदळाचे, दाणा जाडा, चवीला गोडसर, पेजेला उत्तम. बांध एका रात्रीत फुटला तर त्या वर्षाचे पीक तर जातेच, पण खारे पाणी मुरल्यामुळे पुढची दोन-तीन वर्षेही जमीन रुसून बसते. बांधाची डागडुजी हे त्यामुळे एकट्या माणसाचे काम कधीच नव्हते. ज्याचे शेत बांधाला लागून, तो आणि ज्याचे शेत आत, तो, अशा सर्वांना अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापूर्वी पाट्या घेऊन उतरावे लागे. माझ्या मते खाडीकाठच्या भाऊबंदकीत भांडणे पुष्कळ आणि फुटी कमी, याचे एक कारण हा बांध असावा.

बेटाच्या उंचवट्यावर मात्र निराळी शेती होती. तिथे वाड्या होत्या: नारळ, पोफळ, आंबा, फणस, चिंच, आणि भंडाऱ्यांचे ताडमाड. माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालण्याची इथली जुनी वहिवाट होती, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत आलेल्या इंग्रज प्रवाशांनी मुंबईच्या रोगट हवेचे खापर या कुजक्या मासळीवर फोडून ठेवले आहे. त्यांच्या नाकाला जे सोसले नाही त्यावर माड मात्र चांगले पोसले, एवढे आपण म्हणू. परळच्या वाड्यांचा मोठा हिस्सा पोर्तुगीज अमदानीत जेझुइट पाद्र्यांकडे होता. तो पुढे इंग्रजांनी जप्त केला, पाद्र्यांच्या वास्तूत मुंबईचे गव्हर्नर राहू लागले, आणि 1899 पासून तिथे हाफकिन संस्था आहे.

शेत आले की सारा आला, आणि सारा आला की दफ्तर आले. गव्हर्नर जेरल्ड आंजियरने 1672 साली बेटातील जमीनदारांशी करार करून दरसाल 20,000 झेराफिनांच्या मोबदल्यात त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे कायम केल्या. बेटाच्या उत्तर भागात टोका नावाचा धारा असे, म्हणजे सरकारने पिकाचाच हिस्सा घ्यावयाचा, जो कालांतराने रोखीत आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना वरळी-महालक्ष्मीचे खिंडार बांधाने बुजविण्याचे काम निघाले आणि 1784 च्या सुमारास ते तडीस गेले. जे काम आगरी आपल्या चार बिघ्यांपुरते वर्षानुवर्षे करीत आला होता तेच कंपनीने एका मोठ्या उघाडीनिशी सबंध बेटापुरते केले. आतली खारट जमीन हळूहळू गोडी धरू लागली, आणि ती लागवडीला आणणाऱ्यांना हलक्या धाऱ्यावर देण्यात आली. या धाऱ्याला फोरास म्हणत, आणि त्या हक्कांचा कायमचा निकाल 1851 च्या कायद्याने लागला. एका रस्त्याच्या बदनाम नावाखेरीज फोरासाची आठवण आज कोणाला नसली, तरी फजेंदारी हा शब्द लोअर परळच्या जुन्या इमारतींच्या कागदपत्रांत अद्याप भेटतो. इमारत एकाची व खालची जमीन फजेंदाराची, असा हा प्रकार पुनर्विकासाच्या वेळी वकिलांची चांगली सोय करतो.

जी जमीन भातासाठी समुद्रातून काढली ती शंभर वर्षांच्या आत कापसाला गेली. मुंबईची पहिली कापडगिरणी ताडदेवला 1856 साली चालू झाली. गिरण्या वाढल्या तेव्हा त्यांना विस्तीर्ण, सपाट आणि स्वस्त जागा हवी होती, आणि ती परळच्या सखल भागात मिळाली. दोन बाजूंनी दोन रेल्वे गेल्या. भातखाचरांच्या मेरा मोडून फिनिक्स, कमला, अपोलो, मोरारजी, मथुरादास अशा गिरण्यांचे वाडे उभे राहिले. शेताचा खोलगटपणा तेवढा गेला नाही. जुलै महिन्यात मोठी सर आणि मोठी भरती एका वेळी आली की या भागात आजही गुडघाभर पाणी का साचते, याची चौकशी करणाऱ्याने जुना नकाशा काढून पाहावा. पूर्वी ज्या पाण्याला उघाडी वाट देत असे त्याला आता लव्हग्रोव्हचे पंप समुद्रात ढकलतात.

इथवरची हकीगत परळच्या जमिनीची झाली. परंतु खरी शेती माणसाच्या अंगात असते, आणि या गिरण्यांत जो माणूस आला तो पुन्हा शेतकरीच होता. 1921 च्या खानेसुमारीच्या वेळी मुंबईतील सुमारे दर पाच माणसांमागे एक माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडत असे. हे लोक घरदार मोडून आले नव्हते. डिलाईल रोड, करी रोड, लालबाग येथील चाळींतून एकेका गावाची एकेक खोली असे. गावकीने भाडे भरावयाचे, भिंतीला ओळीने ट्रंका, दोरीवर सदरे, आणि पाळीपाळीने झोपणारी माणसे: रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर पाठ टेकणार. जेवण खानावळीत. डेव्हलपमेंट खात्याने 1920 नंतर बांधलेल्या ज्या चाळींना आपण बीडीडी म्हणतो, त्यांतल्या खोल्या 160 चौरस फुटांच्या. डिलाईल रोडला अशा 32 इमारती. या एवढ्याशा खोलीत राहणाऱ्या माणसाला 'तुमचे घर कोठे' म्हणून विचारले तर तो निःशंकपणे देवगड, लांजे किंवा मालवण सांगे.

परळच्या बेटावरील शेत असे समुद्रमार्गे कोकणात जाऊन राहिले होते. गिरणीचा भोंगा पहाटे कामगाराला उठवी, परंतु त्याच्या वर्षाचा हिशेब नक्षत्रांनी चाले. शिमग्याला पालखीसाठी जाणे, चैत्रात भाजावळ, म्हणजे कवळ आणि पालापाचोळा जाळून रोपासाठी राब करणे, वैशाखात लग्ने व कौले परतणे, आणि मृगाला पेरणी. आर्द्रा-पुनर्वसूत तरवा काढून लावणी, पुढे बेणणी, भाद्रपदात गणपती, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत कापणी, झोडणी, आणि उडव्या रचणे, मग ओलीवर कुळीथ, पावटा, चवळी. गंमत अशी की या वेळापत्रकात सर्वांत निकडीचा जो लावणीचा महिना, त्याच वेळी समुद्र बंद असे. कोकणच्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करीत मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जात, पण मे महिन्याच्या अखेरीपासून नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत बंदरे मिटलेली. जो लावणीसाठी राहिला तो दोन-अडीच महिने तिकडचाच झाला. मध्येच परत यावयाचे तर घाट चढून कोल्हापुरास जावे आणि तिथून आगगाडी धरावी. साळखात्यातला नोकरमाणूस इतके दिवस खाडा करून कसा राही, याचे उत्तर बदलीच्या पद्धतीत आहे. त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राही, पुष्कळदा त्याच्याच गावचा, आणि मुकादमाचा हात ओला झाला की परतल्यावर जागा मिळे. कधी न मिळे.

मालकांनी याबद्दल आयुष्यभर कुरकुर केली. हे लोक अर्धवट कामगार आहेत, पावसाची चाहूल लागली की पळतात, यांच्या अंगी शिस्त बाणत नाही, असे त्यांचे गाऱ्हाणे सरकारी चौकशीपुढे वारंवार येई. व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनाने 1931 साली मात्र असा अभिप्राय दिला की, कामगाराचा गावाशी असलेला संबंध ही इष्ट गोष्ट असून ती तोडण्याऐवजी जपावी. कमिशनाचे औदार्य मान्य करूनही त्यातला व्यवहार नजरेआड करता येत नाही. म्हातारपण, आजारपण, बाळंतपण, बेकारी या चारही प्रसंगी जे काही लागते ते जर गावचे शेत देत असेल, तर गिरणीला ते पगारात द्यावे लागत नाही. म्हणजे ज्या शेताच्या ओढीबद्दल मालक कामगाराला बोल लावीत, तेच शेत त्यांच्या मजुरीचा एक भाग गुपचूप भरीत होते. कामगारापेक्षा गिरणीलाच कोकणातल्या त्या तुकड्याची गरज अधिक होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आणि ते शेत राखीत होत्या स्त्रिया. नांगराला वाड्यातला दीर किंवा मोलाने आणलेला जोतकरी मिळे. बाकी राब भाजण्यापासून उकडे तांदूळ कणगीत भरण्यापर्यंत सारा संसार एकट्या बाईच्या डोक्यावर, इरल्याखाली. मनीऑर्डर घेऊन टपालवाला येई तेव्हा फॉर्माच्या तळाशी लिहिण्यास जी दोन बोटे जागा असे तेवढीच काय ती नवराबायकोची बातचीत, आणि तीही टपालवाल्याने वाचून दाखवावयाची. उलट दिशेने गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर पोत्यात काय येई ते पाहण्यासारखे असे: तळाशी उकडे तांदूळ, त्यांत रुतवलेली अंडी, मधे कुळथाच्या पिठाची पुरचुंडी, आमसुले, फणसाची साटे, एका बाजूला केळीच्या सोपात घट्ट बांधलेली सुकट, तिचा वास तांदळाला लागू नये म्हणून. लालबागच्या एका जुन्या चाळीत माळ्यावर असे पोते मी अलीकडेच पाहिले. त्याच्यावर नाव काळ्या शाईने लिहिलेले होते, आणि त्या नावाचा धनी हयात नसूनही पोते अद्याप त्याच्याच नावाने येते.

जमिनीच्या मालकीची कथा याहून गुंतागुंतीची. कोकणात पुष्कळ ठिकाणी जमीन खोताची आणि कसणारा कूळ, असा रिवाज होता, आणि पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताच्या खळ्यात जाई. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सहा वर्षे कुळांनी शेती करण्याचेच नाकारले, डॉ. आंबेडकरांनी 1937 साली खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आणले. खोती प्रत्यक्ष गेली ती 1949 च्या कायद्याने. पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरून कूळ मालक झाले, आणि गिरणीत खपणाऱ्या असंख्य घरांच्या नावे प्रथमच सातबारा निघाला. त्या दिवशी दफ्तरात कोणाचे नाव होते याला पराकाष्ठेचे महत्त्व होते. ज्याची बाई शेतावर उभी होती त्याचे काम झाले.

त्या सातबाऱ्याची आजची प्रत पाहण्यासारखी असते. क्षेत्र काही गुंठ्यांचे, पोटखराबा वेगळा, आकार रुपयात सांगण्याजोगा नाही, आणि भोगवटादाराच्या रकान्यात पंधरा-वीस नावे, सामाईक. आजोबा वारले तेव्हा चार मुलांची वारसनोंद झाली, ते वारले तेव्हा त्यांच्या मुलामुलींची. खातेफोड कोणी केली नाही, कारण ती करण्यास सगळ्यांनी एका वेळी तलाठ्यापुढे उभे राहावे लागते, आणि एक वरळीला, दुसरा डोंबिवलीला, तिसरी बहीण सासरी बडोद्याला. फणसाच्या एका झाडात सात जणांचा हिस्सा असल्याची उदाहरणे कोकणात कोणालाही माहीत आहेत. बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटते. मला ते तितकेसे वाटत नाही. जो रकाना विकू देत नाही तो राखूनही ठेवतो, आणि किनाऱ्यावरच्या पुष्कळ जमिनी दलालाच्या हातून वाचल्या त्या कोणा एकाच्या सद्बुद्धीपेक्षा वीसांपैकी एकाच्या सहीअभावी.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा या शेतांची शेवटची मोठी परीक्षा झाली. पहिले काही महिने चाळी रिकाम्या झाल्या. माणसे गावी गेली, लावणी केली, कापणी केली, आणि संप एवढा लांबला याचे एक कारण हेच की खाण्यापुरते भात पुष्कळांच्या घरी होते. परंतु दहा-वीस गुंठ्यांचे पीक सहा महिने पुरते, वर्ष पुरत नाही, आणि मनीऑर्डरीखेरीज गावचे मीठमिरचीही चालत नाही, हे दुसऱ्या पावसाळ्यात उघड झाले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्यांच्या जमिनीचे पुढे काय झाले ते लोअर परळला उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसते. कामगारांच्या वाट्याला सोडतीतली घरे, तीही थोड्यांच्या आणि उशिरा.

परळचे बेट जमिनीत विरून गेले. कोकणातल्या खाड्यांतली बेटे अद्याप बेटेच आहेत. त्यांना तिकडे जुवा म्हणतात. मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीत मसुरकर जुवा, खोत जुवा अशी नावे आहेत. बेटाला आडनाव लागलेले, यावरून कुळाचा आणि मातीचा संबंध किती जुना हे कळावे. मधोमध घरे, भोवती माड, त्यांच्या कडेने भाताचे कुणगे, आणि जाण्यायेण्याला होडी. राजापूरच्या खाडीत जैतापूरजवळ जुवे हे असेच चिमुकले गाव आहे. अशा बेटावरच्या माणसाला लावणीची माणसे पैरीने मिळवावी लागतात, नांगराचे बैलसुद्धा कधी होडीतून, कधी ओहोटीला पोहत आणावे लागतात, आणि खाडीतला रेतीउपसा वाढला की पहिल्याने त्याचे माड कलंडतात. बांध सर्वांनी मिळून धरण्याचा जो नियम परळच्या आगऱ्याला होता तोच यांना आहे. फरक इतकाच की बांध धरणारे हात आता मुंबईला आहेत.

ते हात येतात, पण सुटीच्या मानाने येतात. पूर्वी बंदर उघडण्यावर येणे अवलंबून असे. 1998 पासून कोकण रेल्वे आहे, आणि रजा मात्र दोन दिवसांची. म्हणून लावणीचा मुहूर्त आता नक्षत्राऐवजी शनिवार-रविवार पाहून धरतात: शुक्रवारी रात्री लालबागहून सुटलेली खाजगी गाडी शनिवारी सकाळी मळ्यात माणसे उतरविते, बँकेत बसणारी, मॉलमध्ये पहारा करणारी, संगणकावर हिशेब करणारी, आणि त्यांना तरवा किती बोटांत धरावयाचा हे पंचाहत्तर वर्षांची चुलती पुन्हा एकवार शिकविते. गणपतीत ज्या लालबागेत सबंध मुंबई लोटते, त्याच लालबाग-परळच्या अर्ध्या खोल्यांना कुलपे दिसतात. वरळीला बीडीडी चाळींच्या जागी नव्या इमारती उभ्या राहून 2025 च्या ऑगस्टात पहिल्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या ठिकाणी 500 चौरस फूट. डिलाईल रोडच्या रहिवाशांचीही पाळी येत आहे, आणि तिथल्या घराघरांत सध्या दोन वारशांचे कागद एका पिशवीत आहेत. चाळीच्या खोलीचा करारनामा कोणाच्या नावे करावयाचा आणि गावच्या सामाईकात कोणी हक्क सोडावयाचा, या दोन्ही प्रश्नांची वाटाघाट एकाच बैठकीत चालते, चहा होतो, पुन्हा चालते. आणि शहरातली खोली घेणाऱ्याने गावचा हिस्सा सोडावा, अशी सूचना आली की खोली घेणारा हटकून म्हणतो की जागा घ्या हवी तर, पण खळ्यातला आंबा मात्र सोडणार नाही.